विचारून आलेला मजकूर

चाचांच्या दुकानात शिरलं की आधी मोबाईल पातेल्यात ठेवावा लागे. अ‍ॅल्युमिनियमचं जुनं, बुडाला काळं पडलेलं पातेलं काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात कायम असायचं. नवं गिऱ्हाईक गोंधळून "चाचा, हे कशाला?" म्हणालं की ते मान वर न करता सांगत, "घरात शिरताना चपला काढता का न्हाई? तसंच. हितं मजकुराचं काम चालतं."

नागापूरला एमआयडीसीकडे वळणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून ते दुकान होतं. गिरणी सुरू झाली की मधली भिंत थरथरायची, पातेल्यातले मोबाईल खुळखुळायचे आणि चाचांच्या चष्म्यावर पिठाचा पातळ थर बसायचा. पाटीवर 'डी.टी.पी. व छपाईची कामे' एवढंच होतं. आजूबाजूच्या सगळ्या पाट्यांवर मालकाचं, मालकाच्या मुलांचं, झालंच तर कुलदैवताचं नाव. इथे कुणाचंच नाव नव्हतं. सगळे 'चाचांचं दुकान' म्हणायचे आणि तेवढ्यावर रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती पत्रकांमुळे. माझे वडील एमआयडीसीत लेथवर होते. आमच्या खोलीत पुस्तकं चार-पाच आणि पत्रकं पोतंभर. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. जोडाक्षरांत मला सगळ्यात आधी 'क्का' आला, तो 'धिक्कार'मधला. साहजिकच कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहायला लागले. पाण्याच्या टँकरबद्दल, बंद पडलेल्या बसबद्दल, वसतिगृहातल्या डाळीबद्दल. आणि ती छापायला चाचांकडे जायला लागले, कारण वडीलही तिथेच जायचे.

पहिलंच पत्रक त्यांनी हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाला लावला आणि शेवटच्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. "करतो. निषेध. जाहीर. आम्ही. कारभाराचा. निर्लज्ज. या." मला वाटलं, थट्टा चाललीय. नव्हती. नगरच्या एका छापखान्यात त्यांनी निम्मं आयुष्य अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते, आणि प्रूफ मागून वाचायची त्यांची सवय तिथली. "फुडून वाचलं की डोळा अर्थाच्या मागं पळतो," ते म्हणत. "चूक दिसतच न्हाई. मागून वाचलं की एकेक शब्द एकटा सापडतो. मंग त्याला इचारता येतं, तू हितं का आलास?"

बोलणं शेवगावचं आणि लिहिणं छापखान्याचं, अशा त्यांच्या दोन मराठी होत्या. तोंडाने 'लई' आणि 'हाय' म्हणणारा हा माणूस कागदावरचा एक ऱ्हस्व-दीर्घ सोडायचा नाही. माझ्या पत्रकात 'निर्लज्ज' शब्द चारदा आला होता. त्यांनी तीन काढले. उद्गारचिन्हांवर तर त्यांनी मोहीमच उघडली.

"आमच्या छापखान्यात उद्गारचिन्हाचे खिळे बारा हुते," ते म्हणाले. "त्यातले पाच तुटके. एका पानाला एकच मिळायचं. तू एका ओळीला तीन लावतीस. वाचणारा बहिरा हाय का?"

"चाचा, आता खिळे नाहीत. कॉम्प्युटर आहे. कितीही लावता येतात."

"म्हनून तर काळजी घ्यायची."

तेव्हापासून पानाला एक. मी भांडायचे, दुसऱ्यासाठी घासाघीस करायचे, पण दुसरं कधीच मिळालं नाही. मला ते 'पत्रकवाली' म्हणायचे. दारात सावली पडली की स्क्रीनवरची नजर न काढता, "या पत्रकवाली, आज कुणाचा धिक्कार?"

अशा माणसाचा धंदा कसा चालत असेल? चालत नव्हता, रांगत होता. आमच्याकडे फ्लेक्सची केवढी चलती आहे ते सांगायला नको. कुणाचाही वाढदिवस आला की चौकात बोर्ड लागतो. मधे एक मोठा चेहरा, खाली 'शुभेच्छुक' म्हणून चाळीस लहान चेहरे. चाचा फ्लेक्सचं डिझाईन करत नसत. एकदा त्यांनी केलं होतं म्हणे, आणि त्या चाळिसातला एकजण दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन विचारायला लागला, "चाचा, मी कुणाला शुभेच्छा दिल्यात?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून लग्नपत्रिकेतसुद्धा खाली 'आपले नम्र' म्हणून नातेवाइकांची रांग आली की चाचांचं बोट प्रत्येक नावावर थांबायचं.

"यांना इचारलं का?"

"अहो चाचा, सख्खे मामा आहेत नवरदेवाचे."

"मामा हायत ते मला कळलं. इचारलं का?"

लोक वैतागून दुसरीकडे जायचे. दुसरीकडे कुणी काही विचारत नसे.

दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरचं काही लावायचं नाही. मूळचा बदामी, आता पिवळा पडलेला तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नव्हताच. पेन ड्राइव्हही चालत नसे. गिऱ्हाईक मोबाईलमध्ये मजकूर घेऊन आलं की त्याने पातेल्यातून मोबाईल काढायचा, मोठ्याने वाचायचं आणि चाचांनी टंकायचं. काउंटरमागच्या खिळ्याला मधोमध कापलेली एक केबल टांगलेली असायची. तिची हकीकत मला पुष्कळ उशिरा कळली, आणि तीही गिरणीवाल्यांकडून.

एक माणूस बहिणीचा बायोडाटा करून घ्यायला आला होता. फोटो मोबाईलमध्ये होता. चाचांनी केबल लावली. स्क्रीनवर एक फोटो यायच्या ऐवजी त्या माणसाच्या मोबाईलमधले सगळेच फोटो भसाभस उघडले. त्यात दवाखान्याचे कागद होते, बहिणीचेच, आजाराच्या नावासकट. काउंटरला चौघे टेकून उभे होते. चौघांनी वाचलं. तो माणूस मोबाईल उपटून निघून गेला. पुढे तो त्या रस्त्याने जाताना समोरच्या बाजूने जायचा. चाचांनी त्याच दिवशी कात्रीने केबलचे दोन तुकडे केले.

मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी त्यांना मागासलेले म्हणायचे. तोंडावर. तेही हसून घेत. पण त्यांचे डोळे बिघडत चालले होते, ते मला दिसत होतं. 'घ' आणि 'ध' यांच्यात अडखळायचे. दोन पानांच्या पत्रकाला अख्खी दुपार जायची. मला माझं पत्रक लवकर हवं असायचं, हेही खरं आहे. स्वार्थ लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून एका रविवारी मी नगरच्या बाजारातून ब्लूटूथचा अ‍ॅडाप्टर आणला आणि त्यांच्या काउंटरवर ठेवला.

"हे काय? कानातलं?"

"कॉम्प्युटरला मागे लावायचं. मग माझ्या मोबाईलमधून मजकूर सरळ आत येईल. वायर नाही, इंटरनेट नाही."

त्यांनी तो करंगळीच्या नखाएवढा तुकडा तळहातावर घेऊन उलटासुलटा केला. "एवढंसं हाय. आणि सगळं आत घेतंय?"

"सगळं नाही, चाचा. एकच फाईल. मी पाठवीन तेवढीच."

"आसं त्यो केबलवालापन म्हनला हुता," ते म्हणाले, पण अ‍ॅडाप्टर परत केला नाही.

लावायला सोपं म्हणून आणलेल्या त्या वस्तूने आमची दुपार खाल्ली. सोबत तळहाताएवढी सीडी होती. ती ज्यात घालायची तो कप्पा उघडेना. चाचांनी माझ्या ओढणीची टाचणी मागितली, बारीक भोकात खुपसली, तेव्हा कप्पा खाकरत बाहेर आला. आतून पीठ निघालं. ते पुसलं, सीडी घातली, अ‍ॅडाप्टर मागच्या खाचेत बसवला. मधेच गिरणी सुरू झाली, अ‍ॅडाप्टर निसटून पडला आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून टेबलाखाली तो शोधत राहिलो. शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यात निळं चिन्ह उगवलं.

मी पातेल्यातून माझा मोबाईल घेतला, ब्लूटूथ चालू केलं आणि त्यांना यादी दाखवली. त्यात त्यांचा कॉम्प्युटर होता, गिरणीवाल्यांचा स्पीकर होता आणि कुणाचे तरी इअरफोन होते.

"ही सगळी आपल्या दुकानात हायत?" चाचा दचकले.

"आसपास आहेत."

"दिसत्यात, तरी आत येत न्हाईत?"

"तुम्ही हो म्हटल्याशिवाय कसे येतील?"

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पीठ पुसलं आणि पुन्हा घातला. इतका वेळ ते माझ्या समाधानासाठी बसले होते. आता खुर्ची पुढे ओढून बसले.

मी जोडणी सुरू केली. मोबाईलवर आणि स्क्रीनवर सहा आकडे आले. "दोन्हीकडे एकच आकडा आहे का बघायचं," मी सांगितलं, "आणि असेल तर दोघांनी हो म्हणायचं. मी वाचते. चार, आठ, एक, नऊ, शून्य, सहा."

चाचांनी स्क्रीनला नाक लावलं. "सहा, शून्य, नऊ, एक, आठ, चार. न्हाई जुळत." आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

मला वाटलं, ऐकताना काही घोटाळा झाला. पुन्हा केलं. नवे आकडे आले. पुन्हा "न्हाई जुळत." तिसऱ्यांदाही तेच. मी अ‍ॅडाप्टरला, दुकानदाराला आणि तो बनवणाऱ्या भांडवलदाराला शिव्या घातल्या. वस्तू परत करायला निघाले. मग सहज वाकून स्क्रीन पाहिली.

"चाचा, तुम्ही उलटं वाचताय."

"मंग? आकडा तर मागूनच वाचावा. अक्षर चुकलं तर मानूस समजून घेतो. लग्नाची तारीख चुकली तर मांडव रिकामा."

"पण मी सरळ वाचतेय."

"ती तुझी चूक हाय," ते शांतपणे म्हणाले.

शेवटी मीच मागून वाचलं. आकडे जुळले. त्यांनी एका बोटाने, सही करावी तसं, 'हो' दाबलं. मी फाईल पाठवली, तर काहीच येईना. कॉम्प्युटरवर 'फाईल घ्यायची आहे' असं आधी सांगावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते सापडलं. मग हिरवी पट्टी सरकत गेली आणि कॉम्प्युटरने विचारलं, कुठे ठेवू. माझं पत्रक, तेवढंच, एकटं, स्क्रीनवर उभं राहिलं. फोटो नाही, दवाखान्याचा कागद नाही, काही नाही.

चाचांनी पान वरखाली करून पाहिलं. "तीनदा इचारलं त्यानं," ते म्हणाले. "जोडू का, घेऊ का, ठेवू कुठं. आपल्यातली मानसं एकदापन इचारत न्हाईत."

त्या दिवसापासून दुकानात नवा विधी सुरू झाला. गिऱ्हाइकाने पातेल्यातून मोबाईल काढायचा, सहा आकडे मागून मोठ्याने वाचायचे, चाचांनी मागून वाचायचे, मग दोघांनी एकदम 'हो'. कारखान्यातले फिटर, बारशाची पत्रिका घेऊन आलेल्या आज्या, दशक्रियेचा मजकूर आणलेले मुंडण केलेले तरुण, सगळे मुकाट्याने उलटे आकडे म्हणायचे. अ‍ॅडाप्टरला तशीच रीत लागते असा लोकांचा समज झाला. मीही तो दूर केला नाही. काम झालं की चाचा त्या मोबाईलचं नाव आपल्या यादीतून काढून टाकत. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून. "कायमची जोडून ठेवा की," मी म्हणायचे. "काल हो म्हनला म्हनून आजपन हो म्हनल, हे आपन कसं धरायचं?" असं त्यांचं उत्तर.

मला ती त्यांची लकब वाटायची. गमतीने मैत्रिणींना सांगण्यासारखी.

मग स्टुलांचं प्रकरण आलं.

एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला बायका होत्या, सगळ्या ठेकेदाराच्या. आठ तास उभ्याने काम. बसायला काही नाही. पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, पायांवर निळ्या शिरा चढायच्या. स्टूल मागितलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, बसल्यावर झोप येती. बायकांनी माझ्या आईजवळ बोलून दाखवलं, आईने माझ्याजवळ. आमच्या खोलीत बैठक झाली. सत्तावीस जणी आल्या. मी वहीचं पान फिरवलं, प्रत्येकीने नाव लिहून सही केली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची नावं मी लिहिली. त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आम्हाला बसायला जागा द्या!' खाली सत्तावीसच्या सत्तावीस नावं. नावाशिवायचं पत्रक म्हणजे भित्र्याचं पत्रक, असं मी वडिलांकडून शिकले होते.

दुसऱ्या दिवशी आकडे मागून वाचले, 'हो' झालं, फाईल गेली. चाचा मागून वाचायला लागले. म्हणजे सगळ्यात आधी त्यांच्या समोर आलं ते यादीतलं शेवटचं नाव. त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"हिला इचारलं का?"

"चाचा, ही लग्नपत्रिका नाही."

"ते मला दिसतंय. इचारलं का?"

"बैठकीला आल्या होत्या त्या. सही आहे माझ्याकडे."

"हजेरीची सही. पत्रकावर नाव छापू का, आसं इचारलं हुतं?"

"लढायला आलेल्या बाईला पुन्हा काय विचारायचं? घाबरायचं असतं तर आल्याच नसत्या." माझा आवाज चढला. काउंटरला दोघं उभे होते, त्यांनी पातेल्यातले आपापले मोबाईल उचलले आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. "खरं सांगा, तुम्हीच घाबरलात. ठेकेदार दुकानावर येईल म्हणून."

चाचांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यांना चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, पण आवाज वाढला नाही.

"येऊ दे ठेकेदार. खाली 'मुद्रक' म्हनून माझं दुकान छाप, मोठ्या टायपात. ते मी मला इचारून सांगतोय. ही सत्तावीस मला सांगायला आलेली न्हाईत. त्या नखाएवढ्या तुकड्याला कळतं, की समोरचं दिसतंय म्हनून जोडायचं न्हाई. तुला कळंना?"

"मग मी दुसरीकडे छापते."

"छाप," ते म्हणाले आणि फाईल बंद केली. मग माझ्यासमोर माझा मोबाईल त्यांच्या यादीतून काढून टाकला, रोजच्यासारखाच. त्या दिवशी ते मला फार लागलं.

मी तिरिमिरीत बाहेर पडले. पुढच्याच चौकात एक नवं दुकान होतं. तिथला माणूस म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅप करा ताई, तासाभरात देतो." मी यादी उघडली. अंगठा पाठवायच्या खुणेवर नेला. आणि चाचांचं थांबलेलं बोट आठवलं. खरं सांगते, पटलं म्हणून थांबले नाही. त्यांना खोटं पाडायचं म्हणून थांबले. सत्तावीसही जणींचा होकार घेऊन त्यांच्या पातेल्याशेजारी आपटते, असा माझा हिशेब होता.

दोन दिवस मी फिरले. कंपनीच्या फाटकावर, खोल्यांवर, नळावर. बहुतेक जणी हसल्याच. "घाल की माझं नाव. मोठ्ठं घाल. आमच्या घरधन्याला पन दाखवीन." एकीने आपलं नाव दोनदा घालायला सांगितलं, एकदा माहेरचं, एकदा सासरचं. दोघी नको म्हणाल्या. एकीचा दीर ठेकेदाराकडे गाडी चालवत होता, दुसरीने मान हलवली आणि भांडी घासत राहिली. पंचवीसही काही कमी नव्हत्या.

राहिली ती यादीतली शेवटची बाई. ती तिघींबरोबर एका खोलीत राहायची. सात-आठ वर्षांची मुलगी होती. मी गेले तेव्हा चौघीजणी जेवायला बसल्या होत्या. मी सगळ्यांसमोरच विचारलं.

"नगं ताई," ती म्हणाली. "स्टूल पायजे. पन नाव नगं."

"का?"

तिने मुलीच्या ताटात भाकरी मोडून घातली.

"तुम्ही तर बैठकीत सगळ्यात जास्त बोलत होतात. आता का घाबरता? तुमच्यासारख्या मागे सरल्या तर कसं व्हायचं? कारण तर सांगा." मी असं बरंच बोलले. पत्रकात बोलतात तसं.

तिने ताट बाजूला सारलं. मुलीला पाणी आणायला बाहेर पाठवलं. मग खाली बघत, भराभरा बोलली. ती पाथर्डीकडची. नवऱ्याने जाळायचा प्रयत्न केला होता. पदर खांद्यावरून सरकवून तिने दाखवलं. पोरीला घेऊन रात्रीतून निघून आली होती. ती कुठे काम करते हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. "ते कागद नगरला वाटनार, यष्टीत वाटनार. आमच्या गावच्या कुनी वाचलं, की त्यो हितं यील."

खोलीतल्या बाकीच्या तिघींना हे ठाऊक नव्हतं. त्यांना तिने सांगितलं होतं की नवरा वारला. आता तिघींचे घास हातात राहिले होते. ती कुणाकडेच बघत नव्हती. तिने एवढी जपलेली गोष्ट मी एका 'का'ने तिच्याकडून काढून घेतली होती आणि सगळ्यांच्या ताटांमध्ये ठेवली होती. कापलेल्या केबलची हकीकत मला तोवर कळलेली होती. तरी मी तेच केलं.

मी चाचांकडे गेले तेव्हा गिरणी चालू होती. मोबाईल पातेल्यात ठेवला. तो पुन्हा उचलला, आकडे मागून वाचले. त्यांनी वाचले. फाईल गेली.

"चोवीस आहेत," मी म्हणाले. "तीन नावं काढलीत. ते शेवटचं नाव होतं ना, चाचा, ती बाई..."

त्यांनी हात वर केला. "मी इचारलं न्हाई."

"पण तुम्ही त्या दिवशी नसतात थांबलात तर..."

"पत्रकवाली, हो म्हनाली तर नाव घालायचं. न्हाई म्हनाली तर काढायचं. न्हाईच्या फुडं काय इचारायचं नसतं." आणि ते नव्या शेवटच्या नावापासून मागून वाचायला लागले. चोवीसही नावांवर बोट थांबलं, चोवीसदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चोवीसदा मी मान हलवली. खाली मुद्रक म्हणून दुकानाचा उल्लेख आला, मोठ्या टायपात.

पत्रक वाटल्यावर ठेकेदाराने एकेकीला बोलावून विचारलं, तुझं नाव ह्याच्यात कसं आलं? माझ्या आजवरच्या पत्रकांचा अनुभव असा, की या प्रश्नाला निम्मे लोक म्हणतात, मला माहीत नाही साहेब, परस्पर घातलं. या वेळी चोवीसजणी म्हणाल्या, मीच घाल म्हणाले. एकसुद्धा फुटली नाही. ठेकेदाराचा माणूस चाचांच्या दुकानातही गेला होता म्हणे. त्याला मोबाईल पातेल्यात ठेवायला सांगितला. मग तो काय बोलला ते चाचांनी कधी सांगितलं नाही.

महिन्याभराने स्टुलं आली. निळी, प्लॅस्टिकची, दोघींत एक. नाव न दिलेल्या त्या तिघीही त्यांच्यावर बसायच्या. शेवटची बाई मला फाटकावर भेटली तेव्हा तिने ओळख दाखवली, पण थांबली नाही. पुढे ती खोली सोडून गेली. कुठे, ते मला माहीत नाही. स्टुलांच्या विजयाबद्दल मी पुष्कळदा बोलले आहे, त्या जेवणाबद्दल आज पहिल्यांदा लिहिते आहे. तिचं गाव मी इथे बदललं आहे.

चाचांचं दुकान आता नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण एका डोळ्याने साथ दिली नाही. कॉम्प्युटर भंगारात गेला. ते नेवाशाला मुलीकडे राहतात. जाताना त्यांनी अ‍ॅडाप्टर एका जुन्या पत्रिकेच्या तुकड्यात गुंडाळून मला परत दिला. पातेलं मात्र बरोबर नेलं.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी नेवाशाला गेले. चाचा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी पातेलं. त्यात मुलीचा, जावयाचा आणि शेजारच्या बाईंचा मोबाईल होता. मी माझा काढून ठेवला.

"आज कुणाचा धिक्कार?"

"कुणाचा नाही. तुमच्यावर लिहिलंय. छापू का, ते विचारायला आले."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. "वाच," म्हणाले. मी वाचायला लागले, तर हात वर. "मागून."

या पानांचा शेवट तेव्हा असा नव्हता, ही भेट मी नंतर जोडली. मी तेव्हाच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत सगळं वाचलं. तासभर लागला. त्यांच्या मुलीने दोनदा चहा ठेवला. मधे एका ठिकाणी त्यांनी बोट वर केलं. "हितं उद्गारचिन्ह हाय?"

"एकच आहे, चाचा. पत्रकाच्या मथळ्यात."

"चालंल."

वाचून संपलं. त्यांनी पातेल्यातून माझा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मजकूर छाप. माझं नाव नगं."

मी मान हलवली. का, ते मी विचारलं नाही.